बसणारे आणि पळणारे

मंडळी, आमच्या लहानपणी दोन समजुती पक्क्या होत्या. बसून खातो तो सुखी, आणि राबणाऱ्याला दुखणं कसलं?

पहिलीला १९५३ साली तडा गेला. डॉ. जेरी मॉरिस यांना लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर आढळलं, की दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा सतत जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झाला तरी सौम्य.

दुसरीला १९८४ साली. अमेरिकेला पळण्याचं वेड लावणारे लेखक जिम फिक्स ५२व्या वर्षी पळायला गेले असतानाच हृदयविकाराने गेले. वडीलही ४३व्या वर्षी त्यानेच गेलेले, तरी डॉ. कूपर यांनी सुचवलेली तपासणी त्यांनी केली नव्हती.

तेव्हा चाला जरूर. पण चालण्याने धोका कमी होतो, पुसला जात नाही. घराण्याचा इतिहास डॉक्टरांना सांगाच!