शेजारच्या अंगणातला पहारा

आपल्या घरी चोर येऊ नये म्हणून शेजाऱ्याच्या ओसरीवर आपला राखणदार नेऊन बसवावा, असे गल्लीत कोणी बोलून दाखवले तर लोक त्याला हसतील. शेजारी फार तर दोन रात्री सोसेल, तिसऱ्या दिवशी विचारील, "का हो, ओसरी कोणाची?" परंतु राज्याराज्यांच्या व्यवहारात हीच गोष्ट रीतसर तहनामे लिहून, शिक्के उठवून होत आलेली आहे. मराठी माणसाला तर ती शाळेपासून ठाऊक. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज आपल्या मुलखात ठेवून घेतली. फौज आली पेशव्यांच्या रक्षणासाठी. १८१८ साली पेशवाई कोणी बुडवली, हे सांगावयास नको. त्यामुळे परक्याचा पहारा म्हटला की आपले कान टवकारतात.

पण पहारेकरी आपला असला, तर? स्वतंत्र भारताची माणसे हिमालयात दोन ठिकाणी शेजाऱ्यांच्या भूमीवर पहाऱ्यास होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. एक पहारा तिबेटात होता, दुसरा नेपाळात. दोन्ही उठले, परंतु उठण्याची तऱ्हा निराळी होती, आणि मला वाटते, सारा बोध त्या तऱ्हेतच आहे.

आधी तिबेटची कथा. १९०४ साली यंगहजबंडची सशस्त्र स्वारी हिंदुस्थानातून ल्हासापर्यंत गेली आणि ७ सप्टेंबरला तिथल्या पोताला राजवाड्यात तह झाला. यातुंगचा बाजार आधीपासून होता. आता ग्यान्त्से आणि गरतोक या बाजारपेठाही इंग्रजी व्यापाराला खुल्या झाल्या. पेठ आली की तिथे व्यापारी प्रतिनिधी आला, आणि प्रतिनिधी आला की त्याच्या दिमतीला शिपाई आले. यातुंगला नि ग्यान्त्सेला अशा मूठभर हिंदी शिपायांच्या तुकड्या राहू लागल्या. लोकर घेऊन जाणाऱ्या खेचरांच्या तांड्यांची ती वाट. तिच्यावर हिंदुस्थानचे टपाल, हिंदुस्थानची तार आणि मुक्कामाला हिंदुस्थान सरकारने बांधलेले डाकबंगले.

तथापि या व्यवस्थेच्या कागदातच तिच्या शेवटाची सोय लिहिलेली होती. १९०८ साली व्यापाराचे जे नियम ठरले, त्यांत एक कलम असे होते की, चीनने पेठांवर आणि वाटांवर पोलिसांचा पुरेसा बंदोबस्त केला की इंग्रजांनी आपले शिपाई काढून घ्यावेत. तिथल्या लोकांच्या मनात संशयाला जागा राहू नये, असे कारणही त्यात दिले होते. शिपायाच्या नुसत्या असण्याने माणसे बिथरतात, ही कबुली साम्राज्याच्या कागदात वाचताना मला नवल वाटते.

१९४७ साली इंग्रज गेले आणि हे सारे बिऱ्हाड भारताच्या वाट्याला आले. ज्या राष्ट्राने परक्या फौजेविरुद्ध चळवळी केल्या, त्याच राष्ट्राच्या अंगावर आता परक्या देशातल्या चौकीची जबाबदारी पडली. १९५० साली चिनी सैन्य तिबेटात शिरले आणि ग्यान्त्सेच्या मूठभर शिपायांचे प्रयोजनच उरले नाही. डिसेंबर १९५३च्या अखेरीस पेकिंगला बोलणी सुरू झाली आणि २९ एप्रिल १९५४ रोजी भारताचे राजदूत राघवन आणि चीनचे चांग हान-फू यांनी करारावर सह्या केल्या. पंचशील प्रथम लिहिले गेले ते याच कराराच्या प्रस्तावनेत. सोबतच्या पत्रांत भारताने मान्य केले की, यातुंग आणि ग्यान्त्से येथील शिपाई सहा महिन्यांत पूर्णपणे परत बोलवू, आणि टपाल, तार, टेलिफोन व १२ डाकबंगले वाजवी किमतीस चीनच्या हवाली करू. त्याच वर्षी जुलैत ग्यान्त्सेला मोठा पूर आला आणि भारताच्या व्यापारी कचेरीची वास्तू त्यात गेली. कागदावरचा निरोप पुरा होण्याआधीच निसर्गानेही आपला निरोप दिला.

आता नेपाळकडे वळू. तिबेटात चीन आल्यावर दिल्लीची नजर नेपाळच्या उत्तरेकडे गेली. भारताची खरी भिंत नेपाळच्या पलीकडच्या अंगाला आहे, असे नेहरूंनी डिसेंबर १९५० मध्ये संसदेत सांगितले. त्याच वर्षी ३१ जुलैला काठमांडूत मैत्रीचा तह झाला होता. सोबत पत्रांची देवाणघेवाणही झाली: परकी आक्रमणाचा धोका आला तर उभयतांनी मसलत करून उपाय योजावा. ही पत्रे कित्येक वर्षे प्रसिद्ध झाली नाहीत. १९५२ पासून नेपाळ-तिबेट सीमेवरच्या सतरा-अठरा चौक्यांवर नेपाळी शिपायांच्या बरोबरीने भारतीय बिनतारी यंत्रचालक बसले. ओलांगचुंगगोला, कोदारी, रसुवा, मुस्तांग, टिंकर अशी त्या चौक्यांची नावे. खिंडीतून कोण आले, कोण गेले, याची वर्दी बिनतारी यंत्रावरून खाली यायची. हिवाळ्यात बर्फाने वाट बुजली की जगाशी संबंध म्हणजे ते एक यंत्र.

या माणसांच्या कष्टांविषयी मला आदरच वाटतो. परंतु गाठ पडली ती कागदाशी. या चौक्यांचा आधार बव्हंशी समजुतीचा. किती माणसे, किती वर्षे, कोणत्या कारणाने उठायचे, हे जनतेपुढे कधी मांडले गेले नाही. दरम्यान काळ बदलला. १९६१ साली नेपाळने चीनशी सीमातह केला, कोदारीपर्यंत सडक बांधण्याचाही करार केला. पाहुण्याची ओसरी यजमानाला आता अडचणीची झाली. जून १९६९ मध्ये पंतप्रधान कीर्तिनिधी बिस्ट यांनी उघड मागणी केली की, या चौक्यांवरची माणसे भारताने परत न्यावीत. भारताच्या सुरक्षिततेसाठी नेपाळ अपुरे सार्वभौमत्व पत्करणार नाही. माणसे परत आली. पण बोल लागला तो लागलाच. "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी" ही आपली म्हण नेपाळी माणसाला ठाऊक नसेल. तिचा भाव मात्र तिथे रुजला. कालापानीची चौकी आपल्याच हद्दीत आहे असे भारत म्हणतो. नेपाळात मात्र कित्येकांना वाटते की एक चौकी मागे राहिली. तो वाद २०१९ साली भारताच्या आणि २०२० साली नेपाळच्या नकाशावर उतरला.

मग तिबेटचा निरोप नीटनेटका आणि नेपाळचा रुसव्याचा, एवढ्यावर हिशेब संपवावा का? माझे मन तसे करू देत नाही. १९०४च्या तहावर, तो बळजबरीचा असला तरी, तिबेटी शिक्के होते. १९५४च्या करारावर एकाही तिबेटी माणसाची सही नाही. ज्यांच्या अंगणातून पहारा उठत होता, त्यांना कोणी विचारलेच नाही. आठ वर्षांची मुदत जून १९६२ मध्ये सरली, आणि त्याच ऑक्टोबरात पंचशील लिहिणाऱ्या दोन राष्ट्रांच्या तोफा एकमेकांवर धडाडल्या. कागद स्वच्छ होता. पण ज्याची ओसरी, त्याचे नाव त्यावर नव्हते. नेपाळात ओसरीचा धनी ओळखीचा होता. पण त्याच्याशी केलेला कागद उजेडात नव्हता.

शेजाऱ्याच्या भूमीवर आपला माणूस उभा करणे कधी खरोखरीच गरजेचे होत असेल. तसे करताना त्या भूमीच्या धन्याला समोर बसवून विचारावे, आणि पहारा बसवण्याच्या दिवशीच तो उठवण्याची अट चारचौघांत लिहून ठेवावी. एवढे झाले नाही, तर पहारेकरी कितीही प्रामाणिक असो, यजमानाच्या डोळ्याला तो तैनाती फौजेसारखाच दिसतो. आणि ते दिसणे काय असते, हे मराठी वाचकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.