निवृत्तीची वेस आणि वाढते आयुष्य

निवृत्तीचे वय ही कल्पना तशी अर्वाचीन. १८८९ साली जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत कामगारांसाठी वार्धक्यवेतनाचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट ७० वर्षांची होती. तिथवर पोचणारे थोडेच. १९१६ मध्ये ती ६५ वर आली.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. केंद्र सरकारने निवृत्तीचे वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ व १९९८ मध्ये ६० केले. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी दिला. अन्नवस्त्राची तरतूद अशी क्रमाक्रमाने झाली; हाती आलेल्या वर्षांचे करायचे काय, हा प्रश्न मात्र उरलाच.

त्याचे उत्तर महर्षी अण्णासाहेब कर्व्यांच्या चरित्रात आहे. १९१४ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. महिला विद्यापीठ स्थापले ते १९१६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी. समता संघ १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी. १९६२ मध्ये ते निवर्तले, तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती.

चाकरीनिमित्त परमुलखात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतील मुले आणखी दूर जातात, वडीलधारी मागे राहतात. निवृत्तिवेतन घरपोच येते. काम आणि सोबत कोणत्याही सरकारी आदेशाने येत नाही. ती मंडळानेच द्यावयाची. वाचनालय, मुलांचे मराठीचे वर्ग, हिशेब ही कामे ज्येष्ठांकडे सोपवावीत; मान म्हणून नव्हे, तर मंडळाला त्यांची गरज आहे म्हणून.