मार्गशीर्षातला गुरुवार, 9 डिसेंबर 1971

तुम्ही कोल्हापुरात, महाद्वार रोडवर उभे आहात. साल 1971, तारीख 9 डिसेंबर, मार्गशीर्षातला गुरुवार. अंबाबाईच्या देवळाकडं बायकांची रीघ लागली आहे. कुणाच्या पिशवीत नारळ आणि पाच फळं, कुणाच्या हातात शेवंतीची वेणी. गावाबाहेर गुऱ्हाळं पेटली आहेत. पाकिस्तानशी युद्ध सुरू होऊन सहा दिवस झालेत. नौदलानं कराची पेटवली, हेच प्रत्येक कट्ट्यावर चाललंय आणि बोलणाऱ्यांच्या आवाजात अभिमान आहे.

शिवाजी पेठेतल्या एका घरात शिरा. एवढं हे घर तुम्ही मनानं उभं करायचं. पुढची तारीख, जहाज आणि मरण, सगळं खरं आहे. पाटावर लक्ष्मीचा घट मांडलाय. कहाणी वाचून झाली आहे. देवळीत मुलाचं शेवटचं अंतर्देशीय पत्र आहे, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' एवढंच. पोरगं रंकाळ्यात पोहायला शिकलं. गगनबावड्याचा घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा गावचं ते, आणि नोकरी बोटीवर.

"बोटीवर थंडी लई असंल का वो?" आई तुम्हाला विचारते.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण आवाज फुटत नाही. इथं फक्त बघता येतं. वडील रेडिओचं बटण फिरवतात. पावणेनऊच्या बातम्या लागतात.

त्याच सुमाराला तुम्ही दीवच्या नैऋत्येला, भर समुद्रात आहात. कृष्णपक्ष आहे, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची आहे. पायाखाली त्या पोराची बोट, आयएनएस खुकरी, सुमारे 1,200 टनांची फ्रिगेट. सोबत आयएनएस किरपाण. दोघी पाणबुडी शोधायला निघाल्यात. पण पाणबुडीनंच त्यांना आधी हेरलंय. पीएनएस हँगोर ही पाकिस्तानची फ्रेंच बनावटीची, नवी पाणबुडी. तिची ऐकण्याची ताकद आपल्या जहाजांच्या सोनारपेक्षा पुष्कळ जास्त. हे वाचायला सोपं आहे, पण त्या रात्री डेकखाली जेवणाची ताटं घासणाऱ्या पोराला ते कुठून कळणार?

पहिला टॉर्पेडो किरपाणला लागत नाही. दुसरा खुकरीच्या दारूगोळ्याच्या कोठाराखाली फुटतो. दिवे जातात. जहाज कलतं. वर जाणाऱ्या अरुंद शिड्यांशी एकच गर्दी होते. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायचा हुकूम देतात, माणसांना पाण्यात ढकलतात, स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला देतात आणि जहाज सोडत नाहीत. हे सगळं मोजक्या मिनिटांत. तुम्ही त्या पोराला शोधता. तो डेकवर नाही. रंकाळ्यातलं पोहणं कामी येण्याएवढी सवडच त्याला मिळाली नसावी. खाली असलेल्यांपैकी बहुतेकांना ती मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी आयएनएस कच्छल वाचलेल्यांना पाण्यातून काढते. ते 67 जण. गेले ते 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक.

पुन्हा कोल्हापूर. 16 डिसेंबर, हाही मार्गशीर्षातला गुरुवार. ढाक्यात शरणागती झाली, पेढे वाटले जातायत. त्या घरात मात्र तार आलेली आहे. तिच्यात 'बेपत्ता' असा शब्द आहे, आणि त्या शब्दानं घर अडकून पडलंय. सुतक धरायचं की नाही? सुनेनं कुंकू लावायचं की नाही? जमिनीवरच्या लढाईत निदान एखाद्या सोबत्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, कधी अस्थी येतात. पाण्यात गेलेल्याचं काहीच येत नाही.

भटजी पालाशविधी सुचवतात: पळसाच्या पानांची माणसाची आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि पंचगंगेच्या घाटावर तिला अग्नी द्यायचा. ज्याचं शरीरच सापडलं नाही, त्याच्यासाठी शास्त्रानं काढलेली ही वाट. फार जुनी, आणि मला वाटतं, मागं राहिलेल्यांच्या मनाची अतिशय कळकळ असलेली. वडील तयार होतात. आई होत नाही.

"पाण्यात गेला म्हणतासा न्हवं? मग पानं कशापायी जाळायची?"

तिला उत्तर देणं जमेल असा माणूस त्या घरात नाही. वडील एकटेच घाटावर जातात. आई पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा घट मांडते, त्याच्या नावानं.

आता 28 वर्षं पुढं या. 15 डिसेंबर 1999, दीव. समुद्राकाठी खुकरीचं स्मारक खुलं होतंय, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती. कॅप्टन मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं, त्यांचं नाव देश घेतो, आणि ते घेतलंच पाहिजे. पण त्यांनी ज्याच्या अंगावर जॅकेट चढवलं तोही कुणाचा तरी मुलगा होता, आणि जहाजाबरोबर गेलेले बाकीचे 193 जणही. त्यांची नावं दरवर्षी 9 डिसेंबरला त्यांच्या त्यांच्या गावात मोठ्यानं वाचली जावीत, शाळेच्या प्रार्थनेनंतर, पोरांसमोर. नुसतं 'शहीद जवान' नको. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, गाव, वय, असं पुरतं वाचावं.