अपघाताचा क्लेम : वकील लावला म्हणजे आपलं काम संपत नाही

चंदगडचा दुचाकीस्वार बेळगावात ट्रकच्या धडकेत जखमी होतो. गुन्हा कर्नाटकात नोंद, उपचार दोन्हीकडे आणि घर महाराष्ट्रात. सीमाभागात अशी प्रकरणे नेहमीचीच. नातेवाईक वकीलपत्रावर सही करतात आणि ‘आता वकीलसाहेब बघतील’ म्हणून मोकळे होतात. भरपाई कमी पडण्याचे एक मोठे कारण इथेच असते. कायदा वकिलाला माहीत असतो, पण हकीकत आणि कागद अर्जदाराकडेच असतात.

अर्ज कुठे, कधी?
मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 नुसार अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. म्हणजे चंदगडच्या जखमीला प्रत्येक तारखेला बेळगाव गाठायलाच हवे असे नाही. जागा निवडण्याचा हक्क अर्जदाराचा आहे. मात्र एकाच अपघातासाठी दोन ठिकाणी अर्ज करू नये. 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत लागू आहे, त्यामुळे ‘बरं वाटलं की बघू’ म्हणत थांबणे महागात पडू शकते.

कोणते कागद जपायचे?
- एफआयआर, पंचनामा आणि पुढे दोषारोपपत्राची प्रत. कन्नड कागदांचे भाषांतर लागेल, ते आधीच सांगून ठेवा.
- डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची मूळ बिले. फक्त झेरॉक्सवर भागत नाही.
- पगारपत्रक, आयकर विवरणपत्र, बँक पासबुक, दुकानाची वही.
- वयाचा दाखला आणि अपंगत्वाचा दाखला.

उत्पन्नाच्या पुराव्याने किती फरक पडतो ते बघा. वय 35, महिना 20,000 रुपये आणि कमाईची क्षमता 20 टक्के घटली असे धरू. सरला वर्मा निकालातील (2009) तक्त्यानुसार या वयाला गुणक 16. हिशेब 7,68,000 रुपये होतो. पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने उत्पन्न 12,000 धरले, तर तोच आकडा 4,60,800 वर येतो. उपचारखर्च, वेदना, भावी उत्पन्नवाढ यांचा विचार वेगळा. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतली घट एकच असेल असे नाही. हात अधू झाल्यावर सुताराचे काम थांबते, कारकुनाचे कदाचित नाही. म्हणून आपण नेमके काय काम करत होतो, हे वकिलाला तपशिलाने सांगा.

काय लपवायचे नाही
हेल्मेट नव्हते, लायसन्सची मुदत संपली होती, गुडघा आधीच दुखत होता, हे सगळे वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. वकिलाला सांगितलेले गुप्त राहते. तेच उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने बाहेर काढले तर सावरायला वेळ मिळत नाही. साक्षीत आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाजाने उत्तर देऊ नका. बिले फुगवणे किंवा दुसरीच गाडी दाखवणे हा गुन्हा आहे.

सही करण्याआधी
शपथपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर मराठीत वाचून समजावून घ्या. त्यातल्या प्रत्येक वाक्याला आपण बांधील असतो. कोऱ्या कागदावर सही नको. पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला तर लगेच कळवा.

तडजोड आणि फी
तडजोड करायची की नाही हे अर्जदार ठरवतो, वकील सल्ला देतो. लोकअदालतीत निवाडा झाला की त्यावर अपील नसते, म्हणून आकडा, व्याज आणि पैसे कधी मिळणार हे आधी विचारून घ्या. भरपाईत टक्केवारीने वाटा ठरवणे वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनुसार मना आहे, तेव्हा फी आधीच ठरवून पावती घ्या. महिला, मुले, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

एक फाइल करा, तारखांची नोंद ठेवा आणि प्रत्येक तारखेनंतर काय झाले ते विचारा. त्यात संकोच कसला? केस आपली आहे.