निवृत्तांचें दातृत्व

जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना शहाणें करण्यांत ज्यांचे केस पिकले, त्यांच्या वार्धक्याची काळजी कोणीं वाहावी, हा प्रश्न बहुतेक समाजांनीं फार उशिरां विचारिला. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशांतही त्याला कोंबड्यांच्या एका खुराड्याचें निमित्त व्हावें लागलें.

एथेल पर्सी अँड्रस या बाईंचा जन्म १८८४ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें झाला. १९१६ सालीं लॉस एंजेलिसच्या लिंकन हायस्कूलचें मुख्याध्यापकपद त्यांजकडे आलें. एवढ्या मोठ्या विद्यालयाचीं सूत्रें स्त्रीच्या हातीं देण्याची त्या काळीं चाल नव्हती; तरी बाईंनीं तीं अठ्ठावीस वर्षें सांभाळलीं आणि १९४४ सालीं त्या निवृत्त झाल्या. पेन्शन बसलें तें दरमहा साठ डॉलरांहून किंचित् अधिक. त्यांचें स्वतःचें इतर मार्गांनीं भागत होतें. पण ज्यांस हाच एक आधार, त्यांचें काय होत असेल, ही शंका त्यांस स्वस्थ बसूं देईना. निवृत्त शिक्षकांच्या प्रांतिक संस्थेनें सभासदांच्या योगक्षेमाची चौकशी त्यांजकडे सोंपविली होती. त्या कामीं एका वृद्ध शिक्षिकेचा शोध घेत गेल्या असतां ती त्यांस खुराड्यांत राहत असलेली आढळली. एके काळीं ती शाळेंत स्पॅनिश भाषा शिकवीत असे!

हें दुर्दैव एकटीचेंच नव्हतें. १९३५ सालच्या सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यानें कारखान्यांतील व दुकानांतील नोकरांस वार्धक्यवेतनाची हमी दिली. परंतु प्रांतिक व स्थानिक सरकारांचे नोकर त्यांतून वगळले होते, आणि सार्वजनिक शाळांचे शिक्षक त्यांतच मोडत. विमा कंपन्या तर म्हाताऱ्या माणसाला दारांतूनच परत पाठवीत.

१९४७ सालीं बाईंनीं राष्ट्रीय निवृत्त शिक्षक संघ स्थापिला. एखादा मदतफंड काढून वर्षास चार ब्लँकेटें वांटलीं असतीं, तरी लोकांनीं त्यांस धन्यवादच दिले असते. परंतु भिक्षेनें पोट भरतें, मान राहत नाहीं, हें त्या ओळखून होत्या. सेवा घ्यावयाची नव्हे, करावयाची, हें त्यांनीं घातलेलें ब्रीद. १९५४ सालीं त्यांनीं ओहाय गांवीं निवृत्तांसाठीं एक निवासगृह उघडलें. पण खरा शत्रू आजारपण. कित्येक कंपन्यांनीं नकार दिल्यावर लेनर्ड डेव्हिस या न्यूयॉर्क प्रांतांतील विमाएजंटाच्या मध्यस्थीनें १९५६ सालीं संघाच्या सभासदांचा सामुदायिक आरोग्यविमा सुरू झाला. एकट्या म्हाताऱ्याचा विमा उतरणें म्हणजे जुगार. पण हजारों जण एकत्र आले म्हणजे धडधाकटांच्या हप्त्यांतून आजाऱ्यांचा खर्च निघतो, एवढेंच त्यांतील गणित. शिक्षकेतर निवृत्तांचीही मागणी आली, तेव्हां १९५८ सालीं सर्वांस खुला असा दुसरा संघ निघाला. आणि १९६१ सालीं निवृत्तिविषयक संशोधन व कल्याण हीं दोन्ही कार्यें एकत्र पाहणारी स्वतंत्र धर्मादाय संस्था. साह्य आणि संशोधन यांची ही सांगड मला बाईंच्या सर्व कार्यांत अधिक मोलाची वाटते. पहिल्यानें आजचें दुखणें निवारतें. त्याच दुखण्यानें उद्यां दुसरा कोणी गांजूं नये, ही चिंता दुसऱ्याच्या पोटीं आहे.

१९६७ सालीं बाई वारल्या. पुतळा उभारण्याची बुद्धि सभासदांस झाली नाहीं, हें त्यांचें भाग्यच म्हणावयाचें! (आपल्याकडे वर्गणीचा शेवट बहुधा चौथऱ्यावर होतो.) ठिकठिकाणच्या पेन्शनरांनीं लहानमोठ्या रकमा पाठविल्या, आणि त्या द्रव्याच्या साह्यानें दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत वार्धक्याच्या शास्त्रीय अभ्यासाचें, म्हणजे जराशास्त्राचें, केंद्र उभें राहिलें. १९७३ सालीं त्या वास्तूचें उद्घाटन झालें. वार्धक्याच्या संशोधनासाठीं अमेरिकन सरकारची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था कायद्यानें स्थापन झाली ती १९७४ सालीं. म्हणजे या वृद्धांचें दान सरकारच्या कायद्याच्या एक वर्ष पुढें होतें. आणि देणाऱ्यांपैकीं बहुतेकांना त्या संशोधनाचें फळ चाखावयास मिळणार नव्हतें, हें त्यांस पुरतें ठाऊक असलें पाहिजे.

येथवरची कथा निर्मळ आहे. पुढची तशी नाहीं. डेव्हिसनें १९६३ सालीं स्वतःची विमा कंपनी काढली. वृद्धांच्या संघाची यादी हातीं असल्यावर गिऱ्हाइकांची वाण कसली? कंपनी झपाट्यानें वाढली. संघ सभासदांसाठीं आहे कीं कंपनीसाठीं, असा आरोप होऊं लागला, व १९७८ सालीं दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमानें तो देशभर पोहोंचविला. पुढें संघानें तो संबंध तोडला. मला हा आरोप पोकळ वाटत नाहीं. मात्र त्यामुळें विम्याची मूळ योजनाच खोटी ठरते, असेंही म्हणतां येत नाहीं. वृद्धांस कोणीही जवळ करीत नव्हतें, तेव्हां याच गृहस्थानें त्यांचा हप्ता स्वीकारविला होता.

१९७५ सालीं त्याच विद्यापीठांत जराशास्त्राचें विद्यालय निघालें, तें डेव्हिसच्या देणगीवर. विद्यालयास त्याचें नांव आहे, आणि ज्या वास्तूंत तें भरतें, तिला अँड्रसबाईंचें.