वेब पेजवर ॲनिमेशन: कधी, किती आणि कसं?

वेब पेजवरची हालचाल दोन प्रकारची असते. एक वापरणाऱ्याला काहीतरी सांगते, दुसरी नुसतीच लक्ष वेधून घेते. शॉपिंग साइटवर 'कार्टमध्ये टाका' दाबल्यावर वरच्या चिन्हावरचा आकडा हलकेच उडी मारतो, ही पहिली. सरकारी वेबसाइटवर लुकलुकणारं 'न्यू' ही दुसरी. त्यामुळे कोड लिहिण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हे ॲनिमेशन काढलं तर कोणाचं काही अडेल का? उत्तर 'नाही' असेल, तर ते नसलेलंच बरं.

किती वेळ चालावं?

बटण, मेनू अशा छोट्या बदलांना साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद पुरतात. मेनू पहिल्यांदा सावकाश उघडला तर छान वाटतो, पण दिवसातून वीस वेळा उघडणाऱ्याला तीच गोष्ट छळते.

अडखळतं का?

बहुतेक स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. म्हणजे एका फ्रेमसाठी ब्राउझरला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. 'विड्थ', 'टॉप' किंवा 'लेफ्ट' बदललं की ब्राउझर आधी पेजची मांडणी पुन्हा मोजतो (लेआउट), मग रंगवतो (पेंट) आणि शेवटी थर एकत्र जोडतो (कम्पोझिट). स्वस्त फोनवर एवढं काम वेळेत होत नाही आणि हालचाल तुटक दिसते. 'ट्रान्सफॉर्म' आणि 'ओपॅसिटी' या दोन प्रॉपर्टी बदलल्या, तर बहुतेक वेळा फक्त शेवटची पायरी पुरते. म्हणून बाजूने सरकत येणारा मेनू 'लेफ्ट'ने नव्हे, 'ट्रान्सलेट-एक्स'ने सरकवा.

कोणाला त्रास होतो?

आतल्या कानाशी संबंधित तोल जाण्याचा त्रास असलेल्या लोकांना मोठी हालचाल पाहून गरगरतं, मळमळतं. २०१३ मध्ये आयओएस ७ आल्यावर झूम होणाऱ्या ॲनिमेशनबद्दल अशाच तक्रारी आल्या होत्या. आज फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग असते. ती चालू आहे का, हे सीएसएसमधल्या 'प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन' या मीडिया क्वेरीने कळतं. तिथे सगळंच बंद करायची गरज नाही. सरकण्याऐवजी हलका फेड दिला तरी चालतं.

वेब ॲक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी नियमांतले दोन मुद्दे पाळाच:

- इतर मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवायची सोय द्या. होमपेजवरचे फिरते बॅनर यातच येतात.
- कोणतीही गोष्ट एका सेकंदात ३ पेक्षा जास्त वेळा फ्लॅश करू नका. त्याने काही जणांना फिट येऊ शकते.

तपासायचं कसं?

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये 'रेंडरिंग' टॅबमधून कमी हालचालीची सेटिंग चालू करून पेज बघा. मग तेच पेज एखाद्या जुन्या, स्वस्त फोनवर उघडा. आपल्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालणारं ॲनिमेशन तिथेही तसंच चाललं, तरच ते लाइव्ह करा.