फावचा किनारा आणि आपली माणसे

जळगावच्या सराफ बाजारात जुन्या नथीतला ‘बसरा मोती’ पारखून पाहणारे जाणकार आजही भेटतात. खानदेशातील घरांना बसरा ठाऊक आहे तो या मोत्यामुळे, आणि उपवासाच्या खजुरामुळे. त्याच बसऱ्याशी मराठी माणसाचे रक्ताचेही एक नाते आहे, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

समुद्रमार्गे झालेल्या मोठ्या स्वाऱ्या म्हटल्या की १९१५ ची गॅलिपोली अथवा १९४४ ची नॉर्मंडी आठवते. त्या दोहोंच्या आधी, ऑक्टोबर १९१४ मध्ये, मुंबई बंदरातून एक सैन्य निघाले. ते पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनचे, म्हणजे ‘पूना डिव्हिजन’चे, पहिले पथक होते. जनरल डेलामेन यांच्या या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती. मराठ्यांच्या खांद्याला खांदा लावून दख्खनी मुसलमानही तीत लढत. जहाजे प्रथम मोत्यांच्या बहरीन बेटाजवळ थांबून राहिली. ५ नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कस्तानाविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी शत्त-अल-अरबच्या मुखाशी असलेल्या फाव येथील तुर्की तोफा ‘ओडिन’ या युद्धनौकेने बंद पाडल्या. सैन्य किनाऱ्यावर उतरले. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याअखेर बसरा हाती आले.

हेतू मर्यादित होता. पलीकडे इराणच्या हद्दीत अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडे वळत होते आणि त्याच वर्षी सरकारने त्या तेल कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले होते. तेलाचे रक्षण आणि आखातावरील वचक एवढे साधल्यावर तेथेच थांबणे शहाणपणाचे ठरले असते. पण विजय स्वस्तात मिळाला, हेच माझ्या मते या मोहिमेचे दुर्दैव. अमारा घेतले, कूत घेतले, मग बगदादचा मोह आवरेना. रसद, नदीतील बोटी आणि औषधोपचार या तिन्हींची वाण असताना जनरल टाउनशेंड यांना पुढे धाडण्यात आले.

नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनपाशी सैन्याची मोठी हानी झाली. माघार घेतलेले सैन्य ७ डिसेंबरपासून कूतमध्ये कोंडले गेले. त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न आटले तेव्हा घोडे मारले गेले, परंतु अनेक हिंदी शिपायांनी ते मांस खाण्यास नकार दिला. भूक आणि स्कर्व्ही यांनी माणसे वाळून गेली. सुटकेच्या प्रयत्नांत बाहेरच्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले आणि हजारो परत आलेच नाहीत.

१९१७ मध्ये बगदाद पडले. पुढे बसरा, बगदाद आणि मोसूल हे तीन तुर्की प्रांत जोडून इराक नावाचे राज्य घडवले गेले. त्या देशाची अनेक दुखणी याच जुळणीपाशी सुरू होतात. फावच्या किनाऱ्यावर उतरलेल्या शिपायाला याची काय कल्पना असणार! पगार आणि पलटणीची अब्रू, एवढे त्याला पुरेसे होते.

बसऱ्याचे स्मारक १९२९ मध्ये उभे राहिले. तेथे ४०,५०० हून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली केवळ आकडा आला. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने हे स्मारक बसऱ्यापासून दूर नासिरियाच्या रस्त्यावर हलवले गेले. युद्धस्मशानांची देखभाल करणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव कबूल करून क्षमा मागितली. आपल्याकडील गावोगावच्या संगमरवरी पाट्यांवरही बहुधा आकडेच आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्याचा आकडा ४६ आहे.

मराठा पलटणींची मुख्य भरती कोकण आणि सातारा-कोल्हापूरकडची असे. तिकडून रेल्वेच्या, गिरणीच्या वा शाळेच्या नोकरीनिमित्त भुसावळ, जळगाव, धुळ्यास येऊन स्थायिक झालेली घराणी आपल्या ओळखीत असतील. त्यांच्यातील एखाद्या वृद्धाला ‘पणजोबा बसऱ्याला गेले होते’ एवढे तरी आठवत असेल, तर पणजोबांचे नाव, गाव आणि पलटण आजच विचारून लिहून ठेवावी. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाची यादी वेदीपाशी ठेवतो, तीत त्या नावालाही जागा आहे.